पदर वाढवा, पण आधी एसटी वाढवा

पुण्याच्या वाहतूक कोंडीवर पुण्यात बसून बोलणाऱ्यांनी एखाद्या रविवारी संध्याकाळी सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या स्टँडवर यावं. स्वारगेटची गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात. ज्याचा रुमाल आधी पडला, तो बसला. बाकीचे उभ्यानं जातात, नाहीतर वडाप गाठतात. ज्याला हप्ता झेपतो, तो चारचाकी घेतो. रात्री नवले पुलावर जी रांग लागते, तिच्यात हीच माणसं असतात. कोंडी पुण्यात दिसते, पण ती सुरू होते आमच्या स्टँडवर.

त्यावर सरकारचा उपाय ठरलेला: रस्ता रुंद करा. पुणे-सातारा महामार्गाचं सहापदरीकरण 2010 मध्ये सुरू झालं. 2013 मध्ये संपायचं ते काम पुढं वर्षानुवर्षं रेंगाळलं; टोल मात्र घेतला जात राहिला. खंबाटकीत तीन-तीन पदरी दोन नवे बोगदे घेतले, ते हवेतच. जुन्या बोगद्याबाहेरच्या वळणानं फार जीव घेतलेत. पण घाट लवकर सुटला म्हणून गर्दी कमी होत नाही, ती नवले पुलावर लवकर पोचते. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे 2008 मध्ये काही ठिकाणी 26 पदरांपर्यंत नेला. थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास आणखी लांबला.

एका एसटीत चाळीसेक माणसं बसतात. तीच चौघं-चौघं मोटारीनं निघाली, तर रस्त्यावर दहा गाड्या. हे गणित चौथीतलं पोरही सोडवेल.

75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली, 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. दोन्ही निर्णय योग्य. पण गाडीच नसेल, तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? गावची मुक्कामी गाडी बंद झाली, की कॉलेजच्या पोरांच्या दारात मोटारसायकली उभ्या राहतात. मग तेच पोरगं नोकरीला पुण्यात जातं, ते मोटारसायकल घेऊनच.

29 सप्टेंबर 2024 ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली. आमचा माणूस एसटीतून उतरून थेट पिंपरी गाठू शकतो. स्वारगेट-कात्रज या 5.46 किलोमीटरच्या मार्गालाही ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. कात्रजला एसटीचा फलाट मेट्रोच्या दाराशी असला पाहिजे. म्हणजे साताऱ्याकडच्या गाड्यांना शहरात घुसावं लागणार नाही आणि त्याच गाड्या दिवसात जास्त फेऱ्या मारतील. शुक्रवार-रविवारच्या जादा गाड्याही वेळापत्रकातच छापा. त्यासाठी कुणाच्या चिठ्ठीची वाट बघायला लावू नका.

वाचकहो, पुढारी नव्या रस्त्याचा नारळ फोडायला आला, की त्याला एवढंच विचारा: वडूज आगाराला नव्या गाड्या किती, आणि कोणत्या तारखेला? उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.