पान नंबर काकाजी

वर्धा जिल्ह्यात गांधीजींवर दोन वाक्यं धड बोलायची सोय आता राहिलेली नाही. पहिलं वाक्य संपतं न संपतं तोच मागच्या रांगेतून खाकरल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ सवाल येतो, "खंड कोणता जी? पान नंबर?" वक्ता आमदार असो, प्राध्यापक असो की पुण्याहून गाडीभाडं देऊन आणलेला पाहुणा, सवाल बदलत नाही. विचारणाऱ्याला सगळं गाव पान नंबर काकाजी म्हणतं. असा एक काकाजी आता आर्वीत आहे, हिंगणघाटात आहे, पुलगावात तर दोन आहेत आणि त्यांचं आपसात बोलणं नाही.

आमचे वर्धेचे काकाजी दिसायला साधे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर आणि बगलेत टॅब. टॅब नातवाचा. कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी घेतला होता. शाळा उघडली, नातू वर्गात गेला आणि टॅबची बदली आजोबांकडे झाली.

खरी गंमत त्यांच्या नोकरीत आहे. काकाजी एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड कीपर होते. रेकॉर्ड रूमची किल्ली सारी नोकरीभर त्यांच्या करदोट्याला होती. लाल कापडात बांधलेले बस्ते, त्यांवर धूळ आणि धुळीवर काकाजी. कोणी जुना कागद मागायला आला की त्यांची उत्तरं ठरलेली. साहेब दौऱ्यावर आहेत. नकलेचा अर्ज करा. तिकीट लावा. सोमवारी या. सोमवारी आला तर बस्ता सापडून नाही राहिला. इतिहासाची आवड असलेला माणूस चार खेटे घालायचा आणि पाचव्या खेपेला भजनी मंडळात जायचा.

अशा माणसाच्या हाती निवृत्तीनंतर गांधी हेरिटेज पोर्टल पडलं. अहमदाबादच्या साबरमती आश्रमाच्या ट्रस्टने 2013 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. गांधीजींचे इंग्रजीतले शंभर खंड, हिंदी आणि गुजराती खंड, 'इंडियन ओपिनियन', 'यंग इंडिया', 'नवजीवन', 'हरिजन' यांचे अंक, सगळं पानांच्या फोटोंसकट. काकाजींनी पहिल्या दिवशी बोट लावलं आणि 'हरिजन'चं आख्खं पान समोर उघडलं. अर्ज नाही, तिकीट नाही, साहेब दौऱ्यावर नाहीत. काकाजींना म्हणे आनंद झाला नाही, राग आला. "असं कोणालेही दाखवते काय? सही ना शिक्का!" संध्याकाळपर्यंत राग उतरला, रात्री जेवण राहिलं आणि पहाटे काकूंनी बटण बंद केलं तेव्हा काकाजी 1936 च्या उन्हाळ्यात होते.

तेव्हापासून ते आमच्यात कमी आणि 1936 मध्ये जास्त राहतात. गांधीजींनी कोणाला कडुलिंबाचा पाला खायला सांगितला, कोणाला कटिस्नान, कोणाचं सूत कच्चं निघालं, हे त्यांना पाठ आहे. स्वतःच्या सुनेला कोणती भाजी चालत नाही, हे मात्र ते दर वेळी नव्याने विचारतात.

त्यांची खरी कीर्ती झाली व्हॉट्सॲपमुळे. जगात जो बदल पाहायचा तो आधी स्वतःत करा, अशा अर्थाचं गांधीजींचं म्हणून एक वाक्य सूर्योदयाच्या चित्रावर छापून रोज सकाळी येतं. काकाजींनी ते ग्रुपवर अडवलं. चार दिवस खंड धुंडाळले आणि निकाल दिला. हे वाक्य असं कुठंच नाही. त्याच्या जवळपास जाणारा मजकूर सापडतो खंड 12 मध्ये, 9 ऑगस्ट 1913 च्या 'इंडियन ओपिनियन'मधल्या आरोग्यविषयक लेखमालेत, आणि त्या लेखाचा विषय आहे सर्पदंश. ग्रुपवर क्षणभर शांतता पसरली. मग कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच वाक्य सूर्योदयासह परत आलं. पण पानठेल्यावरच्या पोरांनी ही गोष्ट उचलली. आता तिथे कोणी फार उपदेश करू लागला की पोरं म्हणतात, "भाऊ, साप चावला काय?"

दुसरा पराक्रम शहराच्या वाढदिवसाचा. वर्धा हे 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसवलेलं शहर. त्याचा आराखडा सर रेजिनाल्ड क्रॅडॉक यांनी आखला, असं इंटरनेटवर जागोजागी लिहिलेलं असतं. एका समारंभात पाहुण्यांनी तेच सुरेख आवाजात सांगितलं. रुंद रस्ते, काटकोनी चौक, साहेबांची दूरदृष्टी. काकाजी उभे राहिले. "क्रॅडॉक साहेबाचा जन्म 1864 चा जी. शहर वसलं तवा साहेब दोन वर्षांचे. दुधाच्या बाटलीनं रेघा मारल्या काय?" सभागृह हसलं. पाहुण्यांनी पाणी मागितलं. क्रॅडॉक मध्य प्रांताचे चीफ कमिशनर झाले ते 1907 मध्ये, म्हणजे शहर चाळिशीत आल्यावर, एवढं सांगून काकाजी खाली बसले आणि समारंभानंतरच्या आलुबोंड्याला त्यांनी सभ्यपणे नकार दिला. पुरावा देणाऱ्याने यजमानाचं खाऊ नये, असं त्यांचं मत आहे. घरी येऊन दोन खाल्ले.

इथे एक सांगायला हवं. काकाजींनी यासाठी कुठली पदवी घेतली नाही की मुंबईच्या ग्रंथालयात ओळखीची चिठ्ठी नेली नाही. जन्मसाल इंटरनेटवर होतंच, शहराचं सालही होतं. दोन सालं शेजारी ठेवून वजाबाकी करणं, एवढंच त्यांनी केलं. आधी ती वजाबाकी करायला कागदच हाती येत नव्हते. आता येतात, तरी वजाबाकी करायला कोणी बसत नाही, ही काकाजींची कुरकुर आहे आणि त्यांच्या सगळ्या कुरकुरींत तेवढी एक खरी आहे.

पोरांना मात्र ते उत्साहाने शिकवतात. एक कॉलेजची पोरगी प्रकल्पासाठी आली होती. "काकाजी, 1937 मधलं सेवाग्रामबद्दल काहीच नाही सापडत." काकाजींचा चेहरा उजळला. असा अडलेला माणूस त्यांना फार आवडतो.

"कुठून सापडन बाई? तवा सेवाग्राम होतं कुठं? सेगाव होतं ते. जमनालालजी बजाजांच्या मालगुजारीतलं. बापूजी 1936 मध्ये राहाले आले आणि टपाल जाऊन राहिलं बुलढाण्याच्या शेगावले, गजानन महाराजांकडे. म्हणून 1940 मध्ये नाव बदललं. तू सेगाव टाक."

तिने टाकलं आणि पडदा भरून गेला. मग काकाजींनी इंग्रज कारकून गावाच्या नावाच्या किती तऱ्हा करत, यावर तासभर प्रवचन दिलं, जिल्ह्याचं 1906 चं रसेलने संपादित केलेलं गॅझेटिअर काढलं, तिथून विश्वकोशात गेले, तिथून केतकरांच्या ज्ञानकोशात. पोरीची शेवटची बस गेली. तिला सोडायला काकूंना पोराला उठवावं लागलं.

काकूंच्या हालांचा खंड वेगळा निघेल. हिंगणघाटला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. नवरदेव मांडवात, पंगत मांडलेली आणि मामाजींचा पत्ता नाही. कारण फिलिमोर नावाच्या लेखकाचे सर्व्हे ऑफ इंडियाच्या इतिहासाचे खंड काकाजींनी स्कॅन केलेले पाहिले होते. मद्रासकडून 1802 मध्ये ज्याने हिंदुस्थानची मोजणी सुरू केली, तो कर्नल विल्यम लॅम्ब्टन जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटात वारला आणि त्याची कबर तिथेच आहे, हे कळल्यावर काकाजी मंगलाष्टकांसाठी थांबतील कसे? वऱ्हाडातली सात माणसं घेऊन ते कबर बघायला गेले. ज्या मोजणीतून पुढे एव्हरेस्टची उंची निघाली, तिचा बाप इथे झोपला आहे, हे त्यांनी भर उन्हात समजावून सांगितलं. परत आले तेव्हा वरण संपलं होतं. त्या सातांपैकी एक जण पुढच्या महिन्यात आपल्या पोरांना घेऊन परत कबर बघायला गेला. बाकीचे सहा काकाजींशी बोलत नाहीत.

काकाजींचा एकच मंत्र आहे, पान स्वतः बघा. याला कारण आहे. गांधीजींच्या शंभर खंडांची 'सुधारित' आवृत्ती विसाव्या शतकाच्या शेवटी निघाली, सीडीवरही आली. अभ्यासकांनी ती मूळ खंडांशी ताडून पाहिली तर मजकूर गळलेला, क्रम हललेला. बराच आरडाओरडा झाल्यावर सरकारने 2005 मध्ये ती मागे घेतली. काकाजी हा प्रसंग रामायणातल्या सीताहरणासारखा सांगतात. आवाज चढवून शेवटी म्हणतात, "एकदा छापलेलं पान आपल्या सोयीनं बदलवाचं नाही. चुकलं असन तर खाली टीप द्या. पण खोडायचं नाही म्हणजे नाही!"

हा मंत्र त्यांच्यावर उलटला तो आजोबांमुळे.

वर्धेत घरटी एक आजोबा असे आहेत, ज्यांच्या पाठीवर बापूजींनी हात ठेवला होता. कोणाच्या आजोबांनी शेळी पुरवली, कोणाच्या आजोबांनी बैलबंडीतून स्टेशनपर्यंत सोडलं. सगळ्या बंड्या खऱ्या धरल्या तर बापूजी स्टेशनवरून हललेच नाहीत, असं काकाजी म्हणायचे आणि एकेका आजोबाला पान नंबर विचारून आडवा करायचे. मग पानठेल्यावरच्या एका पोराने साधा प्रश्न केला, "काकाजी, तुमच्या आजोबांनी बापूजींचा चरखा दुरुस्त केला होता ना? पान नंबर?"

काकाजी घरी गेले. शंभर खंडांच्या सूचीत आजोबांचं नाव शोधलं. इंग्रजीत सहा तऱ्हांनी लिहून शोधलं. हिंदीत शोधलं. चरखा शोधला, सुतार शोधला. चरख्याचे दाखले ढिगाने निघाले, आजोबा निघाले नाहीत. आठवडाभर काकाजींनी कोणालाच काही विचारलं नाही. गावाला काळजी वाटू लागली. एका वक्त्याने तर भाषण सलग पुरं केलं आणि घाबरून स्वतःच पान नंबर सांगितला.

आठवड्यानंतर काकाजी बाहेर पडले ते कोरं रजिस्टर घेऊन. ज्यांनी पत्रं लिहिली आणि ज्यांना पत्रं आली ते खंडांत आहेत. ज्यांनी बंडी हाकली, दळण दळलं, चरखा ठोकून दिला, त्यांचं पान कोणी छापलंच नाही, एवढं त्यांना कळलं होतं. ते तोंडाने कबूल करायचं नव्हतं म्हणून रजिस्टर. आता ते घरोघरी जाऊन आजोबा नोंदवून घेतात. रकाने पक्के आखलेले. सांगणाऱ्याचं नाव, आजोबांचं नाव, घटना, साल, पुरावा, शेरा. नव्वदीच्या एका आजीला त्यांनी साल विचारलं. ती म्हणाली, "ज्या वर्षी कापूस बोंडातच भिजला." काकाजींनी तसंच लिहिलं आणि जुन्या पावसाच्या आकड्यांत ते वर्ष हुडकायला बसले.

रजिस्टर भरलं तसं त्यांनी पान पान फोटो काढून नातवाच्या मदतीने इंटरनेट अर्काइव्हवर चढवलं. जगात कोणीही बघा, अर्ज नको, तिकीट नको. ज्या माणसाने सारी नोकरी बस्ते बांधण्यात घालवली, त्याने आपला पहिला बस्ता फुकट सोडला. गावाने पेढे खाल्ले.

चढवल्यावर लक्षात आलं की पहिल्या पानावरची पहिली नोंद काकूंनी केली आहे. काकाजी अंघोळीला गेले असताना, काकूंच्या ठसठशीत अक्षरात. सांगणारा : आमचे हे. घटना : चरखा दुरुस्ती. साल : आठवत नाही म्हणतात. पुरावा : नाही. शेरा : बाकीच्यांना जे विचारतात ते यांनाही विचारावं.

काकाजींनी नातवाला ताबडतोब बोलावलं. पान काढून टाकता येते काय, म्हणून विचारलं. नातू म्हणाला, येते की, दोन मिनिटांचं काम आहे, पण तुम्हीच तर सांगता, छापलेलं खोडायचं नाही. काकाजी बराच वेळ टॅबकडे बघत राहिले. मग त्यांनी खाली टीप जोडायला सांगितली : "शोध चालू आहे." त्याखाली काकूंनी दुसरी टीप जोडून घेतली : "गॅस संपला आहे, तोही शोधावा."