मंडळीचे मास्तर आणि सिस्टर

वऱ्हाडातल्या कोणत्याही जुन्या ख्रिस्ती मंडळीत, मग ती अमरावतीची असो की अकोल्याची, मास्तर आणि सिस्टर नावाचे एक वयस्क जोडपे असतेच. मास्तर म्हणजे मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सिस्टर म्हणजे त्यांची पत्नी, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. दोघांना आडनाव असते, पण ते पेन्शनच्या कागदापुरते. मंडळीच्या वडीलवर्गाची निवडणूक होते, पाळकसाहेबांची बदली होते. मास्तर-सिस्टरची ना निवडणूक होते ना बदली. मंडळीच्या घटनेत या पदाचा उल्लेख नसतो, जमाखर्चात त्याच्या नावावर एक पैसा पडत नाही. या जोडप्याचे मुख्य कार्यक्षेत्र म्हणजे दुसऱ्यांचे अंत्यविधी.

या प्रकाराची मुळे शंभर-सव्वाशे वर्षे मागे जातात. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि पुढच्या काही दशकांत मिशनरी मंडळी इकडे वळली. अकोल्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनने बस्तान बसवले. अमरावतीला कॅथलिक धर्मप्रांत १९५५ साली झाला. मधल्या काळात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी गावेच्या गावे उघडी पडली, तेव्हा मिशनांनी अनाथालये आणि वसतिगृहे चालवली. मुलगा मुलांच्या वसतिगृहातला, मुलगी मुलींच्या, आणि बघण्याचा कार्यक्रम मडमेच्या व्हरांड्यात, अशी त्या काळची सोयरीक. वाढलेल्या मुलासमोर मास्तरकीची वाट असे आणि मुलीसमोर परिचारिकेची. नागपूरचे म्यूर मेमोरियल, यवतमाळकडचे उमरी, अचलपूरजवळचे कोठारा, फारच हिंमत केली तर मिरज, या दवाखान्यांनी वऱ्हाडाला सिस्टर पुरवल्या. आजचे मास्तर-सिस्टर ही त्यांची नातवंडे. परिणाम असा की मंडळीतल्या निम्म्या लोकांचे कान मास्तरांनी पिळलेले असतात आणि उरलेल्या निम्म्यांना पहिली सुई सिस्टरनी टोचलेली असते. दोघांचाही शब्द मोडण्याची कोणाची छाती होत नाही, त्याचे कारण हे आहे.

मास्तर ओळखायला सोपे. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेन, त्यांतले एक न चालणारे, हातात काळी छत्री आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर घातलेले ‘उपासना संगीत’ आणि एक डायरी. डायरीत मंडळीतल्या प्रत्येक मृताची तारीख, दफनाची वेळ, गायलेल्या गीतांचे क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात शेरा: ‘भाषणे लांबली’, ‘पाऊस’, ‘पुतण्या आला नाही’. सिस्टरची ओळख पर्सवरून पटते. तिच्यात अमृतांजन, मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी, सेफ्टी पिना, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा, रक्तदाबाची एक गोळी आणि चार धुतलेले रुमाल असतात. यांतले काहीही सिस्टरच्या स्वतःच्या उपयोगाचे नसते.

मास्तर दोन भाषा बोलतात. प्रार्थनेला उभे राहिले की शास्त्रातली मराठी वाहू लागते, ‘हे दयाळू स्वर्गीय पित्या’ पासून ‘आमेन’पर्यंत एकही वऱ्हाडी शब्द नाही. आमेननंतर डोळे उघडतात आणि दारातल्या पोराला म्हणतात, “अबे, चपला बाजूले ठेव ना, मानसं पडतीन इथं.” सिस्टर मात्र देवाशीही वऱ्हाडीतच बोलतात आणि काम लवकर उरकतात.

मृत्यूची बातमी पूर्वी पोस्टकार्डाने किंवा तारेने यायची, आता मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते. तिच्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. मास्तर चित्र टाकत नाहीत, फोन करतात. पहिला प्रश्न, “किती वाजता?” दुसरा प्रश्न, “खड्डा कोणाले सांगतला?” वऱ्हाडातली ख्रिस्ती वस्ती थोडी आणि विखुरलेली, त्यामुळे अकोल्याच्या माणसाचा साडू अमरावतीत, अमरावतीच्या माणसाची आत्या अचलपुरात आणि सगळ्यांचे कोणीतरी मूर्तिजापुरात निघते. जुन्या काळी मास्तरांचे वडील अशा अंत्यविधींना ‘शकुंतला’ने जात. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर अशी ही नॅरोगेज गाडी इतक्या निवांत चालायची की दफनाला निघालेला माणूस कधीकधी थेट स्मरणसभेला पोचायचा. मास्तर एसटीने जातात. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी पट्टा सलग टाकून गिनीज विक्रम झाला, तेव्हा लोकांनी तंत्रज्ञानाचे कौतुक केले. मास्तरांनी डायरीत नोंद केली की आता चारच्या दफनाला एकची गाडी चालेल.

दफनभूमीत मास्तरांचे खरे ज्ञान दिसते. वऱ्हाडची काळी कपाशीची जमीन मेलेल्यालाही सहजासहजी जागा देत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळून दगड होते आणि कुदळ उडवून लावते. पावसाळ्यात फुगते, खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि तळाशी पाणी झिरपते. म्हणून मे महिन्यात, अकोल्याचा पारा ४५च्या वर असताना, खड्डा भल्या पहाटे खणायचा आणि दफन साडेपाचनंतर ठेवायचे. जुलैत खड्डा आदल्या दिवशी मुळीच खणायचा नाही, खणलाच तर वर ताडपत्री आणि कडेला फळ्या. पेटी खाली सोडायचे दोर सुताचे हवेत, नायलॉनचे हातातून सटकतात. हे दोर मास्तरांच्या घरी पलंगाखाली असतात. ते मंडळीचे आहेत की मास्तरांचे, याचा निकाल कोणत्याही कमिटीने दिलेला नाही. मूठमाती देऊन झाली की काळा चिखल बोटांना धरून बसतो. त्यासाठी फाटकाशी पाण्याची बादली आणि मग ठेवलेला असतो. तो कोण ठेवते हे कोणी कधी विचारलेले नाही. वर्षानुवर्षे लोक हात धुतात, सिस्टरच्या रुमालाला पुसतात आणि चहाला जातात.

उपासनेत मास्तरांचे काम गीत उचलण्याचे. नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला भजनाच्या अंगाने गाता येतील अशी गीते दिली, तेव्हापासून हार्मोनियम, तबला आणि झांज यांच्याशिवाय वऱ्हाडात कोणाला धड निरोप मिळत नाही. अंत्यविधीचे गीत काळी एकच्या वर नेऊ नये हा मास्तरांचा सिद्धान्त. रडलेला गळा त्याच्या वर चढत नाही. तरुण संघाला कीबोर्ड आणायचा असतो, मास्तर तो आणू देतात, फक्त त्याची वायर त्या दिवशी सापडत नाही. पाळकसाहेबांचेही त्यांनी दोन वर्ग पाडले आहेत. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला गेली. यवतमाळात शिकलेले पाळक करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वीस मिनिटांत आटोपत, पुण्यात शिकलेल्यांना चाळीस लागतात, असे मास्तरांचे निरीक्षण आहे. स्वतः मास्तर ‘दोन शब्द’ बोलायला उठतात तेव्हा किती लागतात, याची नोंद डायरीत नाही.

ती नोंद सिस्टरकडे असते. दफनभूमीत मास्तरांनी मृताच्या १९७४ सालच्या इयत्ता चौथीच्या निकालाला हात घातला की मागून शर्ट ओढला जातो. “अवो, आटपा ना आता. मुर्दा आयकत नाही अन् जिते उन्हात उभे हायत.” मास्तर घसा खाकरतात आणि माणसाला चौथीतून थेट स्वर्गात नेतात.

सिस्टरचे कार्यक्षेत्र घरातले. देहाला स्नान, नवे कपडे, केसांचा भांग, हे सगळे दार लावून त्या करतात आणि करताना मृताशी बोलत राहतात. दवाखान्यातली ती सवय आहे. बाहेर आल्यावर त्या रडणाऱ्या सुनेचा हात हाती घेतात. सून समजते सांत्वन चालले आहे, सिस्टर नाडी मोजत असतात. पुढचा प्रश्न ठरलेला: “जेवली का बाई काही? मंग रडाले जोर कुठून येईन?” त्याआधीच शेजारच्या तीन घरी भाकरी आणि पातळभाजीचा निरोप गेलेला असतो. कॅथलिकांच्या घरीही त्या तितक्याच हक्काने जातात. मिस्सेत केव्हा उठायचे आणि केव्हा गुडघे टेकायचे हे त्यांना पन्नास वर्षांत पाठ झालेले नाही. पुढच्या बाकावरच्या बाईकडे एक डोळा ठेवून त्या निभावतात. शेवटचे काम सोयरिकीचे. इतके नातेवाईक एका ठिकाणी दुसरीकडे कुठे भेटणार? नागपूरचा बँकेतला मुलगा पेटीला खांदा देतो तेव्हा सिस्टर त्याची उंची पाहतात. वऱ्हाडातली कितीतरी सुखी घरे कोणाच्या ना कोणाच्या दफनातून उभी राहिली आहेत.

दोघांचे आपसात कसे आहे, याचा अंदाज लुनावर येतो. मास्तर चालवतात, सिस्टर मागे एका बाजूला बसतात, मांडीवर दोरांची पिशवी. सारा रस्ता सिस्टर मास्तरांच्या चुका सांगतात आणि मास्तर हॉर्न वाजवतात. मंडळीतल्या कोणीही या दोघांना गोड बोलताना ऐकलेले नाही. मात्र मास्तरांच्या चहात साखर किती घालायची हे यजमानांनी मास्तरांना विचारलेलेही कोणी ऐकलेले नाही. विचारायचे ते सिस्टरला, असा प्रघात आहे. उत्तर ‘बिनसाखरेचा’ असते आणि मास्तर तो पितात.

असे जोडपे अमर आहे अशी मंडळीची समजूत असते. ती एके दिवशी खोटी ठरते, आणि बहुधा सिस्टर आधी जातात. त्या दिवशी मंडळीला एकेक गोष्ट कळत जाते. स्नान कोणी घालायचे, यावर महिला संघात पाऊण तास कुजबुज होते. खड्डा सांगितला असे तिघांना वाटते, सांगितलेला एकानेही नसतो. दोर मिळत नाहीत; पलंगाखाली आहेत हे एकट्या मास्तरांना ठाऊक, आणि त्यांना विचारायचे कसे? शेवटी ट्रकवाल्याकडून नायलॉनचे आणतात. देवळात तरुण संघाचा मुलगा जीव तोडून गीत उचलतो, ते काळी पाचमध्ये. दुसऱ्या ओळीला सगळ्यांचे गळे फाटतात. पहिल्या बाकावर बसलेले मास्तर मान वर न करता हात हलवतात: “खाले घ्या, बाप्पा. तिले इतकं वरचं जमत नव्हतं.” गीत थांबते, खाली येते आणि मग सगळ्यांना गाता येते.

श्रद्धांजलीत आणखी एक गौप्यस्फोट होतो. एक वडील उठून सांगतात की सिस्टर त्यांना एकट्यांना म्हणायच्या, “तू माह्या पोटच्यापेक्षा जवळचा.” दुसरे चमकतात, कारण हे वाक्य त्यांचे होते. तिसऱ्या बाई रडता रडता तेच सांगतात. दफन होते, मूठमाती होते, लोक फाटकाशी येतात आणि बादली नसते. मग शे-दीडशे माणसे काळ्या चिखलाच्या हातांनीच मास्तरांचा हात हाती घेतात. मास्तर प्रत्येकाला म्हणतात, “जेवून जा.” डायरीत त्या दिवशी तारीख आणि गीतांचे क्रमांक असतात; शेऱ्याचा रकाना कोरा असतो.

पुढे मास्तरही जातात. सिस्टरच्या शेजारची जागा त्यांनी आधीच धरून ठेवलेली असते आणि पावती पिशवीत सापडते. कमिटीची सभा भरते. देवळातला प्रत्येक पंखा कोणाच्या तरी स्मरणार्थ आधीच फिरत असतो, म्हणून मास्तर-सिस्टरच्या नावाने पाण्याचा कूलर बसवायचा ठराव एकमताने पास होतो. कूलर उन्हाळा संपल्यावर येतो. पाटीवर दोघांची आडनावासह पूर्ण नावे असतात, त्यामुळे तो कोणाच्या स्मरणार्थ आहे हे बऱ्याच जणांना कळत नाही.

या जोडप्याचे कौतुक त्यांच्या हयातीत होत नाही, याचे कारण लोक कृतघ्न असतात हे नव्हे. त्यांची कामे अशी असतात की ती झाली तर दिसत नाहीत. न झाली तरच दिसतात. मोठ्या भाषणांवाचून, कीबोर्डावाचून, अगदी पाळकसाहेबांची गाडी चुकली तरी दफन पार पडते. दोर आणि बादलीवाचून अडते. सध्या वऱ्हाडातल्या बऱ्याच मंडळ्यांत ही जागा रिकामी आहे. मुले पुण्या-मुंबईला गेली, मिशनचे दवाखाने रोडावले, लुना अंगणात गंजते आहे. मानधन नाही, अर्ज नाही, मुलाखत नाही. इच्छुक जोडप्यांनी पुढच्या दफनविधीला अर्धा तास आधी यावे, सुताचे दोर आणि पाण्याची बादली सोबत आणावी, आणि ती कोणी आणली हे कोणाला सांगू नये.