साधी राहणी, सुलभ हप्त्यांत

उपभोगवादाचे दिवस भरत आले आहेत, ही आनंदवार्ता आधी देऊन टाकतो. शहरातल्या सुखवस्तू माणसाने साधे राहायचे मनावर घेतले आहे आणि त्यासाठी लागेल तेवढा पैसा ओतायची त्याची तयारी आहे.

पुण्यातल्या आमच्या सोसायटीचेच घ्या. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत (कोरमअभावी अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी, तेवढ्याच टाळक्यांत पुन्हा भरलेल्या) शाश्वत जीवनशैली उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीने पहिला वार प्लास्टिकवर केला. झाकण घट्ट बसणारे, डाळ-तांदूळ वर्षानुवर्षे मुकाट सांभाळणारे धडधाकट डबे एका रविवारी कचऱ्यात गेले आणि त्यांच्या जागी बांबूच्या झाकणांच्या काचेच्या बरण्या आल्या. बरण्या फुटू नयेत म्हणून प्रत्येकीला बबल रॅप, त्यावर खोके, त्यावर आणखी मोठे खोके आणि सगळ्यावर चिकटपट्टीचे वेढे. खोक्यावर हिरव्या शाईत छापले होते : ‘पृथ्वीतर्फे आभार!’

मागोमाग बांबूचे टूथब्रश आले, तांब्याच्या बाटल्या आल्या, करवंटीचे वाडगे आले. करवंट्या आपल्या घरीही निघतात, पण त्या कचऱ्यात जातात. वाडग्याची करवंटी कुरिअरने येते. कमी वस्तूंत सुखी कसे राहावे, या विषयावरची पाच पुस्तके तिसऱ्या मजल्यावर आली आणि ती ठेवायला एक नवे शेल्फ आले.

कापडी पिशव्यांची कथा याहून जुनी. राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली 23 जून 2018 रोजी. तेव्हापासून लग्नात, बारशात, नगरसेवकाच्या वाढदिवसाला कापडी पिशवीच हातात पडते. घरटी इतक्या पिशव्या साठल्या आहेत, की त्या ठेवायला एक मोठी पिशवी लागते. ती दारामागे टांगलेली असते आणि आपण मंडईत रिकाम्या हातांनी उभे राहून आवाज जरा खाली आणून म्हणतो, ‘‘दादा, असली तर एक कॅरीबॅग द्या ना.’’ असते. भाजीवाला ती टोपलीखालून काढून देतो.

बाजाराला या त्यागाचे काही वाईट वाटलेले नाही. गिऱ्हाइकाला वस्तू नकोशा झाल्या तर त्याला नकोसेपणा विकावा, एवढे त्याला कळते. आता मुळशीच्या बाजूला शेणामातीने सारवलेली घरे राहायला मिळतात. टीव्ही नाही, वायफाय नाही, भाडे मात्र पंचतारांकित. एसयूव्ही घेऊन जायचे, चुलीवरच्या भाकरीचा फोटो काढायचा आणि परतताना घाटात रेंज आली रे आली की टाकायचा. भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा : सिलिंडर परवडत असता तर घरीही तिने चुलीचा धूर कशाला डोळ्यांत घेतला असता? तिची साधी राहणी नाइलाजाची आहे, म्हणून तिला कुणी जीवनशैली म्हणत नाही.

आमच्या गेटवर रविवारी एक बोहारीण येते. डोक्यावरच्या पाटीत स्टीलची भांडी, खांद्याला गाठोडे. साडी उजेडात धरून ती घडीवर विरलेली जागा नेमकी हेरते, शर्टाची कॉलर उलटून पाहते, पँटच्या गुडघ्यावरून अंगठा फिरवते आणि म्हणते, ‘‘ताई, एवढ्यात पातेलं नाही बसत, अजून एक टाका.’’ तिने नेलेले कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री होऊन जुन्या बाजारात उभे राहतात. जे अंगावर घालण्याजोगे उरलेले नसतात त्यांची गॅरेजमध्ये पुसणी होतात. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले आहे, बिनभाषणाचे. पण तिला आत प्रवेश नाही. वॉचमन म्हणतो, ‘‘मावशी, ॲपवर तुमची एंट्री नाही.’’ त्याच रविवारी क्लब हाउसमध्ये ‘जुन्या कपड्यांचा पुनर्वापर’ या विषयावर सशुल्क कार्यशाळा होती. व्याख्यात्यांची एंट्री होती.

ओल्या कचऱ्याबद्दल उपसमिती फार हळवी आहे. 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी तो शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असे 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिले होते. आम्ही खत करण्याचे यंत्र आणले, नारळ फोडला, हार घातला. मग बी विंगला वास येऊ लागला. आता यंत्रात गणपतीच्या मखराचे थर्माकोल ठेवतात आणि कचरा पूर्वीसारखाच ‘बाहेर’ जातो. हे ‘बाहेर’ म्हणजे कुणाचे तरी घर असते, हे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षे कचऱ्याच्या गाड्या अडवून पुणेकरांना सांगितले आहे.

ज्यांच्यामुळे हे शहर कचऱ्याखाली गाडले गेले नाही, त्या बायका मात्र उपसमितीवर नाहीत. पुण्यातल्या कचरावेचकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेशी करार करून ती दारोदारचा कचरा उचलू लागली. उचलायचे, निवडायचे, विकण्याजोगे ते विकायचे, मिळकतीचे धनी आपणच राहायचे. परिसंवादात ज्याला चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात ती रोज सकाळी आमची बेल वाजवते, आणि तिच्या महिन्याच्या शुल्कावरून आम्ही घासाघीस करतो.

आता उपसमिती ‘समूहजीवन’ पाहायला गडचिरोलीला अभ्यासदौरा काढते आहे, नागपूरपर्यंत विमानाने. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव. 2009 मध्ये त्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. 2013 मध्ये गावाने आपापल्या जमिनी ग्रामदानात द्यायचे ठरवले. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाला जरी पटले नाही तरी पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. आमच्याकडे पार्किंगच्या दोन जागांचा वाद उपनिबंधकांच्या कार्यालयात पडून आहे. दौऱ्याच्या तयारीच्या बैठकीत एकच प्रश्न विचारला गेला : तिथे बांबूचे काही डेकोरेटिव्ह मिळेल का?

तेव्हा गावाकडे चला, असा उपदेश मी करणार नाही. ज्या गावकीच्या आठवणीने शहरी डोळे पाणावतात तिने माणसांना वाळीत टाकले, पाणवठे बंद केले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये कायदा करावा लागला. पण त्याच गावांत इर्जिकही होती. ज्याची नांगरट मागे पडली त्याच्या रानात बाकीच्यांनी बैल घेऊन उतरायचे आणि जेवायला त्याच्याकडे बसायचे. सावड होती : आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. नको ते टाकून हवे ते उचलायला कुणाची हरकत नसावी.

इमारतीत याचा आरंभ कसा करायचा? आमच्याकडे घरटी एक ड्रिल मशीन आहे. दोन फ्रेमा आणि एक घड्याळ टांगून ते माळ्यावर निवृत्त झाले आहे. घरटी एक शिडी आहे, दिवाळीत जाळी काढण्यापुरती. विरजणाला चमचाभर दही हवे असले तर शेजारची बेल वाजवायला संकोच वाटतो, म्हणून कुणाचा तरी मुलगा सिग्नल तोडत दहा मिनिटांत दह्याचा डबा आणून देतो. शेजारी बंद दाराआड दही असते, शिडी असते आणि बोलायला माणूसही असतो.

वाचकहो, पुढच्या वेळी काही मागवण्याआधी शेजाऱ्याकडे मागून पाहा, आणि त्याने मागितले तर कुरकुर न करता द्या. बोहारणीची एंट्री करून घ्या. कचरा निवडून द्या आणि तो नेणारीचे पैसे वेळेवर द्या. यातून कुणाच्याही विक्रीत भर पडणार नाही. त्यामुळे याची जाहिरात तुम्हाला कुठेही दिसणार नाही. हे छापून आले तेवढेच.