साडेसोळा तोळ्यांचा डबा

आगगाडीचा शौकीन ओळखायला सोपा. गाडी आली की त्याची नजर आधी इंजिनावर जाते. डबे तयार करणारा माणूस मात्र इंजिन एकदाचं पुढं सरकलं की खुलतो. मग दाराच्या दांडीपासून खिडकीच्या गजापर्यंत जे जे समोरून जाईल, ते तो इतक्या बारकाईनं न्याहाळतो की आतल्या प्रवाशाला वाटावं, हे मुलगी बघायला आलेत.

आमच्या हळ्ळीखेडात (बी) असा एक नग आहे. गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर. खरं नाव हजेरीपटावर राहिलं. गाव त्यांना डबामास्तर म्हणतं. हुमनाबाद तालुक्यातलं हे आमचं गाव घरात मराठी बोलतं, शेजाऱ्याशी कन्नड बोलतं आणि बाजारात दखनीवर येतं. मास्तर तिन्ही भाषांत एकच उत्तर देतात. "गुरुजी, डबा झाला का?" "होत आलाय." "मास्तर्रे, डब्बी आतेन्री?" "आगतद." "मास्साब, डिब्बा हो गया क्या?" "होरा."

डबा म्हणजे प्रवासी रेल्वेडबा, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढा. या मापाला एचओ म्हणतात. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा जुन्या पद्धतीचा साधा डबा 21,337 मिलिमीटर लांब. सत्त्याऐंशीनं भागलं की 245 मिलिमीटर उरतात. फूटपट्टीहून सव्वादोन इंच कमी. हा कारखाना स्विस कंपनीच्या मदतीनं उभा राहिला आणि 2 ऑक्टोबर 1955 रोजी पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं, हे मास्तर पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. 2018-19 या एका वर्षात तिथून 3,200हून जास्त डबे बाहेर पडले, म्हणजे दिवसाला जवळपास नऊ. मास्तरांचा वेग तीन वर्षांना एक. हे मी एकदा त्यांच्यापुढं मांडलं, तर शांतपणे म्हणाले, "त्यांच्याकडं माणसं जास्त आहेत."

पहिला संच त्यांना अमेरिकेला गेलेल्या एका विद्यार्थ्यानं पाठवला. त्यानंतर मास्तर गणित अधिकच मन लावून शिकवू लागले. गावाला वाटलं, पोरांच्या भल्यासाठी. निम्मं खरं होतं. आणखी दोन-चार पोरं अमेरिकेत पोचली, तर संचांची सोय होणार होती.

संच उघडण्याचा दिवस त्यांच्याकडं सणासारखा पाळला जातो. खोक्यात डब्याच्या बाजू, छत, तळ, चाकांच्या ट्रॉल्या आणि प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले शंभरेक बारीक भाग असतात. ते चौकटीवरून तोडायचे नसतात, कापायचे असतात. कापल्यावर राहिलेला कण कानशीनं घासायचा असतो. घासताना तो भाग चिमट्यातून उडतो. मग घरातल्या सगळ्यांनी आहे तिथं पुतळा होऊन उभं राहायचं, कारण पायाखाली दाराची मूठ असू शकते. एकदा अशी मूठ अर्धा दिवस शोधली आणि संध्याकाळी पोह्यांत सापडली. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नींनी, ती ताटाच्या कडेला कढीपत्त्याशेजारी ठेवली होती.

अडचण अशी की हे संच बहुतेक परदेशी गाड्यांचे. अमेरिकी डबा 85 फुटी, आपला 70 फुटी. तेव्हा मास्तर नवाकोरा डबा आणतात आणि पहिल्याच दिवशी करवतीनं मधोमध कापतात. साडेबावन्न मिलिमीटर काढून टाकायचे आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे. त्या दिवशी काकू देवघरातून बाहेर येत नाहीत. "पोरानं एवढ्या लांबून धाडलेली वस्तू," त्या मला म्हणाल्या, "आणि हे तिला मासळीसारखं कापायलेत."

लांबीचा प्रश्न करवतीनं सुटला, रुंदीचा सुटेना. आपला ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरचा. सत्त्याऐंशीनं भागा, 19.26 येतात. बाजारात मिळणारा एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1,435 मिलिमीटरच्या गेजवरून काढलेला. फरक पावणेतीन मिलिमीटर. जगात इतके अन्याय आहेत, पण मास्तरांची झोप या पावणेतीन मिलिमीटरनं उडवली. आम्ही समजूत घातली, की एवढं कोणाच्या नजरेला येतंय? "माझ्या येतंय," ते म्हणाले. "या रुळावर हैदराबादची मेट्रो चालेल. ती स्टँडर्ड गेज आहे. आमच्या डब्याला हा रूळ म्हणजे दुसऱ्याची चप्पल." शेवटी त्यांनी तोडगा काढला: डबा रुळावर ठेवायचाच नाही. पांढऱ्या कागदावर ठेवायचा. कागदाला गेज नसतो.

अशा स्लीपर डब्याला 72 बर्थ. मास्तर बहात्तरच्या बहात्तर कापतात, रंगवतात आणि बसवतात. मग त्यावर छत येतं. छत लागलं की आतलं काही दिसत नाही. खिडक्यांना आडवे गज आहेत आणि गजांमागं काच. "मग बहात्तर कशाला? खिडकीजवळचे तेवढे बसवा," असं मी सुचवून पाहिलं. वर्गात कॉपी करताना पकडलेल्या पोराकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि वरच्या बर्थचं तिकीट काढलेला माणूस कुठं झोपणार?"

या काटेकोरपणाचा सूड गोंद घेतो. घाईच्या गोंदाची वाफ बंद डब्यात कोंडली की पारदर्शक काचेवर पांढरी बुरशी धरते. एकदा एका बाजूच्या साऱ्या खिडक्या अशा आंधळ्या झाल्या. मास्तरांनी दोन दिवस मौन पाळलं आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, की ही गाडी जानेवारीतली आहे, पहाटेची. धुकं आहे. तेव्हापासून त्या डब्याचं दुसऱ्या बाजूनं दर्शन घ्यायचं नाही, कारण तिथं ऊन आहे.

रंगाचंही शास्त्र आहे. जुना व्हॅक्यूम ब्रेकचा डबा तांबूस-तपकिरी. 1990च्या दशकात एअर ब्रेकचे डबे वाढले तसा निळा आला. डबा रंगवण्याआधी त्याला कुठला ब्रेक आहे हे मास्तर ठरवतात. आपल्या डब्याला ब्रेक नाही, इंजिन नाही, तो कागदावरून हललेला नाही, ही बाब ते गौण मानतात. रंग वाळला की छतावर धूळ बसवायची. यासाठी बीदरच्या पठाराची तांबडी माती आणतात आणि पिठाच्या चाळणीतून तीनदा चाळतात. पिठाच्या चाळणीचं काकूंना कळलं तो दिवस वेगळा.

पण गावात मास्तरांचं नाव खऱ्या अर्थानं झालं ते वजनामुळं. हलका डबा वळणावर रुळावरून उतरतो, म्हणून अमेरिकेतल्या शौकिनांच्या संघटनेनं वजनाचा नियम घालून दिलाय: एचओ डब्याला मूळ एक औंस, आणि वर लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. मास्तरांनी हिशेब केला, 165 ग्रॅम आले. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातून वायसर आणून तळाला चिकटवले. आता अचूक वजन कुठं करायचं? किराणावाल्याच्या काट्याला पाच-दहा ग्रॅम म्हणजे चेष्टा. मास्तर डबा मऊ फडक्यात गुंडाळून सराफाकडं गेले.

सराफानं फडकं उघडलं नाही. तशीच रीत आहे, गिऱ्हाईकानं उघडायचं. मास्तर हळूच म्हणाले, "आधी दार लावा, वारं लागतंय." काटा फार नाजूक होता, त्यांचं काही चुकलं नाही. पण बाहेर बाकावर दोन माणसं बसली होती. त्यांनी दार लागलेलं बघितलं आणि आतून सराफाचा आवाज ऐकला, "एकशे पासष्ट. साडेसोळा तोळे भरले, गुरुजी." नंतर मास्तरांचा भरून आलेला आवाज, "बरोब्बर! एक ग्रॅम इकडंतिकडं नाही."

दिवेलागणीला गावभर झालं, की मास्तरांकडं साडेसोळा तोळ्यांचा डबा आहे. रात्री त्याला सोन्याचं झाकण बसलं. सकाळी तो निजामाच्या काळातला निघाला. हुमनाबादहून काकूंची चुलत नणंद आली, जी वास्तुशांतीलाही आली नव्हती. "वैनी, एकदा नुसता डोळ्यांनी बघू द्या की," ती म्हणाली. काकूंनी कपाट उघडून निळा डबा पुढ्यात ठेवला. नणंदेनं तो उचलून बघितला, झाकण शोधलं, सापडेना. "उघडायचा कसा?" तिनं विचारलं. मास्तर आतून धावत आले. "उघडायचा नाही! आत बहात्तर बर्थ आहेत!" नणंद त्याच दुपारच्या बसनं परत गेली. मास्तर हुशार म्हणून पसरलेली कीर्ती त्या दिवसापासून हुमनाबादेत जराशी बदलली.

गौरी-गणपतीत पोरं हटून बसली, की मखराभोवती गाडी फिरवायची. कोणाकडून तरी इंजिन आणि मालडब्यासह रूळ आणला, अठरा इंच त्रिज्येचा गोल. मास्तर कसेबसे तयार झाले. इंजिन वळलं, मालडबा वळला. प्रवासी डबा लांब. वळणावर त्याचं पोट आत आणि टोकं बाहेर. आतल्या पोटानं दुर्वांची जुडी पाडली, बाहेरच्या टोकानं मोदकांच्या ताटाला धडक दिली, आणि साडेसोळा तोळे उंदरावर जाऊन आदळले. पोरं टाळ्या पिटत होती. मास्तर गुडघ्यावर बसून म्हणत होते, "बघा, सांगितलं होतं. निदान तीस इंच त्रिज्या पाहिजे." अपघातापेक्षा सिद्धान्त खरा ठरल्याचा आनंद मोठा होता.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय आहे, 1998पासूनचं. मास्तरांना भाच्यानं तिथं नेलं. दिवे मंद झाले, शहर उजळलं, डोंगरातून गाड्या धावू लागल्या, रोपवे हलला. लहान-थोर सगळे तोंड उघडं टाकून बघत होते. मास्तर कोपऱ्यात वाकून साइडिंगला उभा असलेला एक डबा बघत होते. खेळ संपल्यावर भाच्यानं विचारलं, "मामा, आवडलं का?" "फार," मास्तर म्हणाले, "पण गाड्या चालू असल्या की नीट बघता येत नाही."

हे वाक्य मला त्यांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली वाटतं. मास्तरांना गाडी नको, प्रवास नको, पोचणं तर नकोच. पुरा झालेला डबा कपाटात जातो आणि परका होतो. होत आलेला डबा टेबलावर असतो, रोज बोलतो. म्हणून कपाटात उभे असले तरी आठही डबे होत आलेलेच आहेत. कशाची शिडी राहिलीय, कशाचा पंखा.

आणि या बाबतीत त्यांना उभं आयुष्य एक तोलामोलाचा जोडीदार होता: बीदर-कलबुर्गी लोहमार्ग. 110 किलोमीटरचं काम, 1990च्या दशकात मंजूर. बीदरला रेल्वे निजामाच्या अमदानीतच आली होती. आमच्याकडं ती यायची होती, येत होती, येणारच होती. निवडणुका आल्या की माती पडायची. लोक चिडायचे. मास्तर एकटे रेल्वेच्या बाजूनं बोलायचे. "कामाला वेळ लागतो," ते म्हणायचे, आणि स्वतःच्या पंख्याची पाती घासत राहायचे. अखेर 29 ऑक्टोबर 2017 रोजी पंतप्रधानांनी बीदरला हिरवा झेंडा दाखवला. गाव आनंदलं. मास्तरांना दगा झाल्यासारखं वाटलं. त्यात आली ती डेमू, स्वतःच्या पोटात इंजिन घेऊन फिरणारी. त्यांच्या आठांतला एकही डबा तिला जुळेना. घाव एवढ्यावर थांबला नाही. तीन महिन्यांच्या आत, जानेवारी 2018मध्ये, पेरांबूरनं त्या जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा बाहेर काढला आणि त्याच्या जागी लांब, नव्या एलएचबी डब्यांचं काम चालू ठेवलं. "मी आहे अजून," एवढंच मास्तर म्हणाले.

तरी एकदा ते गाडीनं कलबुर्गीला निघाले, निळा रंग आणायला. तासभर आधी फलाटावर हजर. गाडी आली, थांबली. मास्तर वाकून ट्रॉलीची स्प्रिंग बघू लागले. शिट्टी झाली, गाडी गेली. स्प्रिंगही गेली. घरी परतले तेव्हा चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "रंग?" काकूंनी विचारलं. "रंगाचं बघू," मास्तर म्हणाले, "आधी स्प्रिंग बदलावी लागणार. आठही डब्यांच्या."

आता लातूरला हरंगुळजवळ डब्यांचा मोठा कारखाना झालाय. नातेवाईक हळहळतात, की मास्तर चाळीस वर्षं उशिरा जन्मले असते तर तिथं लागले असते. मला कारखान्याची काळजी वाटते.

परवा नववा संच आला. काकूंनी खोकं उंबऱ्यातच अडवलं. "आधी त्यातला एक पुरा करा, मग हा घरात येईल."

"अगं, एका डब्याची कुठं गाडी असते? लांबची गाडी म्हटली की चोवीस डबे लागतात."

काकू गणिताच्या मास्तरांच्या बायको. हिशेब त्यांच्या तोंडावर असतो. "एकेकाला तीन वर्षं. म्हणजे बहात्तर वर्षं झाली."

मास्तरांचा चेहरा उजळला. "बघ! बर्थही बहात्तरच!"