घडीच्या घरातील सांडपाणी : विचार आणि विल्हेवाट

मोहेंजोदडोच्या रहिवाशांनी घरोघरच्या न्हाण्यांचे पाणी पक्क्या विटांच्या झाकलेल्या गटारांतून वाहून नेण्याची सोय सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी केलेली असल्यामुळे, सांडपाण्याचा प्रश्न मानवजातीने निदान तत्त्वतः तरी सोडवला आहे असे समजण्याची प्रथा पडली. अमेरिकेत पॉप-अप ट्रेलर विकला जाऊ लागेपर्यंत ही समजूत निर्धोक होती.

पॉप-अप ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायची चाकांवरची बुटकी पेटी. मुक्कामाच्या जागी पोचल्यावर हँडल फिरवून तिचे छप्पर वर उचलतात, दोन टोकांचे पलंग खणांसारखे बाहेर ओढतात, आणि मधल्या मोकळ्या जागेला कॅनव्हासच्या भिंती लाभून तिचे घर होते. लॉइड बाँट्रेगर याने १९६८ साली इंडियाना राज्यातील मिडलबरी येथे जेको ही कंपनी काढली, ती छप्पर उचलण्याच्या अशाच एका यंत्रणेच्या बळावर. ही यंत्रणा खरोखरच कौतुकास्पद आहे, आणि तिच्यावर खर्च झालेल्या बुद्धीचा थोडा अंश जरी सिंकच्या भोकाखाली खर्च झाला असता, तरी प्रस्तुत विवेचनाची गरज पडली नसती. या घरात ओटा असतो, ओट्यात ताटाएवढे सिंक असते, सिंकला बहुधा हाताने दाबायचा पंप असतो, आणि बाकाखाली साधारण चाळीस ते ऐंशी लिटर स्वच्छ पाण्याची टाकी असते. परंतु वापरून झालेले पाणी साठवण्यासाठी बहुतेक नमुन्यांत काहीही नसते. भोकाला जोडलेली नळी ट्रेलरच्या बाजूच्या पत्र्यातून बाहेर डोकावते, आणि तेथे, उत्पादकाच्या दृष्टीने, विषय संपतो.

मोठ्या आरव्हीत, म्हणजे बसच्या आकाराच्या फिरत्या घरात, दोन टाक्या असतात : सिंक व न्हाणीच्या पाण्याची ती करडी टाकी आणि संडासाची ती काळी टाकी. पॉप-अपच्या मालकाजवळ करडे पाणी असते, पण करडी टाकी नसते. या पाण्याला निरुपद्रवी समजू नये. त्यात अन्नाचे कण, तेल, साबण आणि जिवाणू ही चारही द्रव्ये असल्यामुळे उन्हाळ्यात ते झाकून ठेवले, तर एका-दोन दिवसांतच प्राणवायूविना जगणारे जिवाणू त्याचा ताबा घेतात, आणि मग करड्या व काळ्या पाण्यातील भेद डोळ्यांना उरला तरी नाकाला उरत नाही.

आता कायद्याकडे वळावे, कारण या विषयातील खरी विद्वत्ता तेथेच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांना लागू असलेल्या नियमावलीतील (शीर्षक ३६, कलम २.१४) तरतुदीनुसार, ट्रेलरमधील घाण त्यासाठी नेमलेल्या सोयीखेरीज अन्यत्र सोडणे हा गुन्हा असून, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक नळावर भांडी घासणे हाही गुन्हाच आहे, म्हणजे पाणी सिंकमधून जमिनीवर जाऊ द्यायचे नाही, आणि सिंक टाळून नळावरही जायचे नाही. याउलट ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खाते पश्चिमेकडील विस्तीर्ण सरकारी माळरानांचा कारभार पाहते, आणि त्याच्या नियमावलीत (शीर्षक ४३, कलम ८३६५.१-१) ट्रेलरमधून मैला, इंधन-तेल वा कचरा टाकण्यास मनाई करताना धुण्याचे पाणी मात्र शब्दशः वगळलेले आहे. यावरून एकच बादली उद्यानाच्या हद्दीत अपराधी आणि हद्दीबाहेरच्या माळावर निर्दोष ठरू शकते, असा सिद्धान्त निघतो. तथापि माळरानावरही स्थानिक पूरक नियम कडक असू शकतात, आणि राज्यांच्या उद्यानांचे नियम त्याहून निराळे असतात. तेव्हा बादली उचलण्यापूर्वी फाटकावरचा फलक वाचणे हा या शास्त्रातील पहिला संस्कार होय.

शासकीय विचारसरणीचे सर्वांत परिपक्व रूप येलोस्टोन येथे पाहावयास मिळते. त्या उद्यानातील मुक्कामाच्या जागांपैकी थेट गटाराची जोडणी देणारी जागा एकच, ती म्हणजे फिशिंग ब्रिज. तेथे नळी खुबणीत बसवली की पाण्याची चिंता मिटते. मात्र त्या भागात ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळे तेथे टणक भिंतींच्या वाहनांनाच प्रवेश असून, तंबू आणि कॅनव्हासच्या भिंतींचे पॉप-अप यांना स्पष्ट मज्जाव आहे. गटार ज्याला सर्वांत जास्त हवे त्यालाच ते मिळू नये, या व्यवस्थेत अन्याय शोधण्याचे कारण नाही. अस्वलाला कॅनव्हास आणि पत्रा यांतील फरक कळतो, एवढाच त्याचा अर्थ. उरलेल्या जागी राहणाऱ्या पॉप-अपवाल्याने रात्री बादली बाहेर ठेवू नये, कारण अन्नाप्रमाणेच बंदिस्त ठेवावयाच्या वस्तूंत तेथे पाण्याची भांडीही, रिकामी असोत वा भरलेली, मोडतात. परिणामी सायंकाळी नेमून दिलेल्या जागी बादली ओतण्याचा ज्याने आळस केला, त्याला तासाभरापूर्वी घरातून हाकललेले पाणी निजण्यापूर्वी मोटारीत शेजारच्या आसनावर बसवावे लागते.

व्यवहाराच्या अंगाने पाहता या शास्त्रात दोन मान्यताप्राप्त पंथ आहेत. पहिला बादलीपंथ. पाच गॅलनची, म्हणजे सुमारे एकोणीस लिटरची, प्लॅस्टिकची बादली बाहेरच्या नळीखाली ठेवणे हे त्याचे संपूर्ण तत्त्वज्ञान असून त्यातील अडचण केवळ उंचीची आहे : ट्रेलरच्या बाजूचे भोक अनेकदा इतके खाली असते की बादलीचा काठ त्याच्यापेक्षा वर येतो, आणि गुरुत्वाकर्षणाने या बाबतीत आजवर कोणालाही सवलत दिलेली नाही. म्हणून नळी भोकापासून बादलीपर्यंत सतत उतरती राहील अशी उथळ बादली किंवा आडवे भांडे निवडावे, आणि नळीला मध्ये झोळ पडू देऊ नये, कारण त्या झोळात साचलेला भातकणांचा गाळ पुढील सर्व पाण्याशी असहकार पुकारतो. भरलेल्या बादलीचे वजन एकोणीस किलोच्या घरात जाते. ती काठोकाठ भरू दिली तर तिच्यातील पाण्याचा बराचसा भाग वाहणाऱ्याच्या पायजम्यामार्फत जमिनीला मिळतो, आणि अशा विसर्जनाचे कायद्यातील स्थान अद्याप अनिर्णित आहे. दोन-तृतीयांशावर थांबावे.

दुसरा पंथ बंद डब्याचा. नळी थेट डब्याच्या तोंडात बसवली की वास, माश्या आणि शेजाऱ्यांच्या नजरा या तिन्हींपासून मुक्ती मिळते, असे त्याचे अनुयायी सांगतात आणि ते खरे आहे. परंतु नळी तोंडात गच्च बसली तर डब्यातील हवेला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. हवा जागा सोडत नाही तोवर पाणी आत येत नाही, आणि सिंक घशातून आवाज काढीत तुंबून राहते. नवशिका अशा वेळी भोकात चमच्याचा दांडा खुपसतो. वास्तविक डब्याचे दुसरे लहान झाकण थोडे सैल करणे एवढाच यावर उपाय आहे. याच जातीतील श्रीमंत शाखा म्हणजे चाके लावलेली, बहुधा निळ्या रंगाची टाकी. ती पन्नास-साठ लिटरची असली तर भरल्यावर हाताने हलत नाही, आणि मोटारीमागे बांधून पायी चालण्याच्या गतीने डंप स्टेशनपर्यंत, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या जागेपर्यंत, न्यावी लागते. ही मिरवणूक पाहण्यास सर्व मुले जमतात.

यांखेरीज जे लोक काळोख पडल्यावर नळी झुडपाकडे वळवतात, त्यांना पंथ म्हणण्याची योग्यता नाही. त्यांचा युक्तिवाद असा असतो की पाणी थोडे आहे आणि जमीन पुष्कळ आहे. परंतु त्याच जागेवर उद्या दुसरे कुटुंब व परवा तिसरे कुटुंब हाच युक्तिवाद करणार असते, आणि रॅकून, मुंग्या व पिवळ्या गांधीलमाश्या या तिघांनाही तो अगोदरच पटलेला असतो. ट्रेलर न पोचणाऱ्या रानात पाठीवर सामान घेऊन जाणाऱ्यांसाठी ‘लीव्ह नो ट्रेस’ या तत्त्वावलीची शिफारस वेगळी आहे : ओढा वा तळे यांपासून दोनशे फूट, म्हणजे सुमारे साठ मीटर, दूर जावे, पाणी गाळावे, गाळलेले अन्नकण परत न्यावेत आणि पाणी एका जागी न ओतता विस्तृत शिंपडावे. तेथेही जैवविघटनशील साबण ओढ्यात चालतो असा जो समज आहे तो चुकीचा आहे. त्या साबणाचे विघटन मातीतील जिवाणू करतात, मासे करीत नाहीत.

या ग्रंथविषयात मराठी भाषकांचा एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि तो न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाहून सहकुटुंब निघालेल्या ट्रेलरांनी लिहिला आहे. अमेरिकन शेजाऱ्याचे करडे पाणी प्रायः कॉफीच्या गाळाचे व अंड्याच्या बलकाचे असते. वरण-भात जेवलेल्या कुटुंबाचे पाणी पिष्टमय, हळदीचे आणि साजूक तुपाचे असते. हळद पांढऱ्या नळीला कायमची पिवळी करते, हा केवळ सौंदर्यशास्त्राचा प्रश्न आहे. तुपाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. समुद्रसपाटीपासून चोवीसशे मीटरच्या आसपास असलेल्या येलोस्टोनच्या पठारावर जुलैतही रात्री कडाक्याची थंडी पडते, आणि सिंकमध्ये कोमट असताना निमूटपणे खाली गेलेले तूप ट्रेलरच्या पोटाखालच्या नळीत पहाटेपर्यंत थिजते, त्यात मोहरी व कढीपत्ता अडकून जे बूच तयार होते ते कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या बुचापेक्षा घट्ट असते. यावर उकळते पाणी ओतावे असा सल्ला दिला जातो, पण त्यामुळे बूच एक हात पुढे सरकून पुन्हा थिजते. खरा उपाय पाण्याच्या आधीचा आहे : ताट व कढई धुण्यापूर्वी कागदाने पुसून घ्यावीत, कागद अस्वलरोधक कचरापेटीत टाकावा, आणि भोकावर बारीक जाळी ठेवावी. ज्या घरी उष्टे न टाकण्याचा दंडक अजून पाळला जातो त्या घराचे सांडपाणी मुळातच सोज्ज्वळ असते, ही गोष्ट येथे नोंदवणे भाग आहे. आणखी निर्दोष मार्ग म्हणजे सिंकचा उपयोग हात धुण्यापुरता ठेवून भांडी घमेल्यात घासणे, आणि ते घमेले अनेक कॅम्पग्राउंडांवर भांड्यांच्या पाण्यासाठी राखलेल्या सिंकात रिकामे करणे. मात्र ट्रेलरमध्ये सिंक असूनही ते वापरायचे नाही हा निष्कर्ष ट्रेलर विकत घेणाऱ्या व्यक्तीला पहिल्या हंगामात मान्य होत नाही.

निघण्याच्या दिवशीचा विधी थोडक्यात सांगता येतो. अनेक नमुन्यांत ओटा बिजागरीवर वळून खाली आडवा होतो आणि मगच छप्पर उतरते. सिंकमध्ये वा नळीत उरलेले पाणी अशा वेळी बाहेर न जाता आत, म्हणजे सहसा गादीच्या दिशेने, जाते. म्हणून प्रथम सिंक कोरडे करावे, नळी सोडवून दोन्ही टोके उंच-सखल धरून निथळावी, आणि तिला ताज्या पाण्याच्या नळीपासून वेगळ्या पिशवीत ठेवावे. भोकाखाली घरच्या मोरीत असतो तसा पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप येथे सहसा नसल्यामुळे वास थेट वर येतो. तो रोखण्यासाठी रबरी बूच बसवून ठेवावे.

अखेर डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्यासाठी जमिनीत बसवलेले झाकणाचे भोक. बादली तेथे सावकाश, भोकाच्या जवळ धरून ओतावी, सांडलेले धुऊन काढावे आणि झाकण लावावे. शेजारी धुण्यासाठी नळी लावलेला नळ असतो. त्याच नळीचे टोक लोक आपापल्या घाणेरड्या पाइपांत खुपसत असतात, आणि त्यावर पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी असते. प्रवासाच्या घाईत ती पाटी वाचली जात नाही. तरी पिण्याची टाकी किंवा मुलांच्या बाटल्या कृपया त्या नळावर भरू नयेत.