आधी प्रकाशन, मग सेवा

'लेखन पुरे, आता समाजात उतरणार,' असं ठरवणारा आमचा ख्रिस्ती लेखक पहिल्यांदा काय करतो? त्या निर्णयावर लेख लिहितो. मग मनोगत, मग मुलाखत. वस्तीतल्या आजींना रेशनकार्डाचा अर्ज भरून हवा असतो; त्यांच्या हाती सेवेवरची पुस्तिका पडते, सहीसकट.

जुन्या मंडळींना लेखन आणि सेवेचा हा 'समतोल' जमला नाही. फादर स्टीफन्स गोव्यातल्या साष्टीत धर्मसेवा करत राहिले आणि १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून मोकळे झाले. रेव्हरंड टिळकांनी १९१७मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं, ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. समतोल शेवटी घरच्या बाईनेच साधायचा असतो! फादर दिब्रिटोंनी तर 'सुवार्ता' मासिकाचं संपादनही केलं आणि वसईच्या हिरवाईसाठी लढाही दिला.

आमचे लेखकमहाशयही वस्तीत जाणारच आहेत. फक्त पुस्तकाचं प्रकाशन तेवढं उरकू द्या. बिशपसाहेबांची तारीख मिळेना, म्हणून अडलंय. गरीब काय, कुठे पळून जात नाहीत.