घर सांभाळून

आठ मार्च आला की सत्काराच्या शाली बाहेर निघतात आणि त्यांच्या घडीतून दोन शब्दही: ‘घर सांभाळून’. यांनी घर सांभाळून पीएचडी केली, त्या घर सांभाळून न्यायाधीश झाल्या. आधी स्वयंपाकघराचा ना-हरकत दाखला, मग पदवी! शेजारी बसलेल्या यजमानांनाही नारळ मिळतो, कारण त्यांनी ‘परवानगी’ दिली. त्यांना स्वतःला नोकरीची परवानगी कोणी दिली होती, हे कोणी विचारत नाही. ‘घर सांभाळून बँक मॅनेजर झालेले’ गृहस्थ तर मला अजून एकाही निमंत्रणपत्रिकेत भेटलेले नाहीत.

अशा एका कार्यक्रमात टेबलावर डॉ. रखमाबाईंचा फोटो होता, हार घातलेला. १८८७ मध्ये न्यायालयाने या बाईंना घर सांभाळायलाच सांगितलं होतं: लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, बाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षं बायकांचं रुग्णालय चालवलं. सूत्रसंचालकाने यातलं ‘डॉक्टर’ एवढंच वाचलं. बरं झालं. बाकीचं वाचलं असतं तर फोटो उचलावा लागला असता.

कार्यक्रम लांबला. साडेआठला सत्कारमूर्ती शाल पिशवीत कोंबून रिक्षा शोधत होत्या. कणीक भिजवायची राहिली होती.